ध्येयाच्या लेखात डबा कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हल्ली दोन-तीन आठवड्यांआड असा एक तरी लेख असतोच, कधी स्पर्धा परीक्षेत पास झालेल्या कुणाची मुलाखत तर कधी एखाद्या मोटिव्हेशनल स्पीकरचा कॉलम, आणि त्यात फिरून फिरून तेच, की ध्येय पक्कं असलं की भूक-तहान जाणवतच नाही. परवाच्या लेखात तर एका मुलाचं कौतुक होतं की तो एकवेळच्या डब्यावर राहिला म्हणून त्याचं लक्ष अभ्यासावर टिकलं. उपाशी राहूनसुद्धा टिकलं असं लिहिलं असतं तर मी काही बोलले नसते, पण उपाशी राहिल्याचा फायदा होतो असं तुमच्यासारख्या पेपरात छापून आलं आणि ते आमच्या इथली पोरं कात्रण काढून भिंतीला चिकटवणार, म्हणून हे पत्र.

मी कॉलेजात आहारशास्त्र शिकवायचे, आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली, राहायला नवी पेठेत, म्हणजे खाली उतरलं की समोर अभ्यासिका, शेजारी अभ्यासिका आणि वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एकेक कॉट भाड्याने घेऊन, राहणारी स्पर्धा परीक्षेची पोरं. बहुतेक सगळी नांदेड, परभणी, बीड, बुलढाणा, यवतमाळ अशी लांबून आलेली, सोयाबीन नाहीतर कापूस विकला की घरून पैसे येतात, भाव पडला की येत नाहीत. आता रूमचं भाडं काही कमी करता येत नाही, अभ्यासिकेची फी कमी करता येत नाही, टेस्ट सिरीजचे पैसे आधीच भरलेले असतात, मग कात्री लागते ती डब्याला. फुल टिफिनचा हाफ होतो, मग त्या हाफमध्ये दोघं जेवतात, सकाळचा नाश्ता बंद, संध्याकाळी एक वडापाव आणि बाकी दिवसभर चहा कारण चहाने भूक मरते. घरून फोन आला की "हो जेवलो". मेसवाल्या मावशी काही दगडाच्या नसतात हो, त्या उधारी ठेवतात, एखादी पोळी जास्त टाकतात, पण गॅस आणि तेल त्यांनाही विकतच आणावं लागतं.

माझी सवय जात नाही म्हणून ढोबळ हिशोब केला. हाफ टिफिन म्हणजे तीन पोळ्या, एक भाजी, थोडा भात आणि वाटीचा तळ दिसेल असं वरण, त्यात एक वडापाव आणि तीन-चार गोड चहा धरले तरी सगळं मिळून पंधराशे कॅलरीच्या आसपास थांबतं, आणि प्रोटीनचं तर विचारूच नका. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २१०० च्या थोड्या वर कॅलरी सांगितल्यात. हा पंधराशेचा आकडा बघून मी जरा दचकलेच, कारण जवळजवळ याच आकड्यावर एक मोठा प्रयोग झालेला आहे, तो मी दरवर्षी वर्गात शिकवायचे, आणि ध्येय मोठं की भूक मोठी या वादात बोलायचं असेल तर तो माहीत असायलाच हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

नोव्हेंबर १९४४. दुसरं महायुद्ध संपत आलेलं, युरोपात गावंच्या गावं उपाशी, आणि युद्ध थांबल्यावर इतक्या खंगलेल्या लोकांना परत खायला कसं घालायचं, एकदम किती द्यायचं, कशाने लवकर भरून येतं, हे डॉक्टरांना नीट माहीत नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी ठरवलं की निरोगी तरुणांना मुद्दाम अर्धपोटी ठेवायचं आणि मग परत खाऊ घालून बघायचं. आता याला तयार कोण होणार? तर जे युद्धाला नाही म्हणाले होते ते, म्हणजे आम्ही माणूस मारणार नाही असं विवेकाला धरून सांगणारे तरुण, ज्यांना सैन्याच्या बदल्यात दुसरी कामं दिली जायची. त्यांना पत्रक काढून विचारलं, दुसऱ्यांना नीट जेवायला मिळावं म्हणून तुम्ही उपाशी राहाल का? जागांपेक्षा कितीतरी जास्त जण पुढे आले आणि त्यातून ३६ निवडले.

म्हणजे बघा, यांच्यापेक्षा स्वच्छ ध्येय कुठून आणणार. यात पोस्ट नाही, लाल दिवा नाही, गावात मिरवणूक नाही, उलट युद्धाला नाही म्हटलं म्हणून भित्रे म्हणून घेणं होतं आणि तरीही जगासाठी काहीतरी करायचं होतं. ध्येयाने भूक जाणवत नसती तर या पोरांना तरी जाणवायला नको होती.

आधी १२ आठवडे पोटभर, साधारण ३२०० कॅलरी. मग २४ आठवडे साधारण १५७०, दिवसातून दोनदा जेवण आणि तेही बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, म्हणजे युद्धातल्या युरोपात जे मिळेल तेच. आठवड्याला २२ मैल चालायचं आणि राहायचं विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांत. वजन जवळजवळ पाव हिश्श्याने उतरलं, पण वजनाचं सोडा, माणसांचं काय झालं ते ऐका. दिवसभर डोक्यात फक्त जेवण. स्वयंपाकाची पुस्तकं जमवून रात्री वाचत बसायचे, ज्यांनी आयुष्यात अंडं उकडलं नव्हतं ते रेसिपी उतरवून घ्यायला लागले. पिक्चरला गेले तर गोष्ट लक्षात नाही, कोणत्या सीनमध्ये कोण काय खात होतं ते लक्षात. एवढंसं जेवण दोन-दोन तास पुरवून खायचे, त्यात पाणी घालायचे, ताट चाटायचे. च्युइंगम इतकं वाढलं की एकजण दिवसाला ४० पाकिटांपर्यंत पोचला आणि कॉफीवर तर शेवटी दिवसाला ९ कपांची मर्यादा घालावी लागली (आमच्या पोरांचा चहा आठवला). भर उन्हाळ्यात थंडी वाजायची. विनोद आवडेनासे झाले, मुलींचा विषय बंद पडला, एकमेकांवर चिडचिड, एकटं एकटं राहणं. जगाच्या राजकारणावर आणि शांततेवर तासन् तास वाद घालणारी ही पोरं, त्यांना महायुद्ध संपतंय याचंही फारसं काही वाटेना.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते तुमच्या त्या कॉलमवाल्या साहेबांनी मुद्दाम वाचावं. प्रयोगाच्या सुरुवातीला यातल्या बऱ्याच जणांनी विद्यापीठातले वर्ग लावले होते, म्हटले आयता वेळ मिळतोय तर शिकून घेऊ, आणि उपासमार सुरू झाल्यावर एकेक करून बहुतेकांनी ते सोडून दिले. बुद्धी कमी झाली का, तर नाही! कीज यांनी टेस्ट घेतल्या, बुद्धीचे मार्क जवळपास होते तेवढेच राहिले. पण पोरांना स्वतःला वाटायचं की डोकं चालत नाहीये, लक्ष लागत नाहीये, पान उलटतंय पण आत काही जात नाहीये. अभ्यासिकेत बारा तास बसून "सर रिव्हिजनच होत नाहीये" म्हणणाऱ्या मुलाला आपण शिस्त कमी आहे, मोबाईल सोड, ध्येय आठव असं सांगतो, त्याला आज दुपारी जेवलास का हे विचारायला कुणी शिकवलेलं नसतं.

आता आपली पोरं त्या थराला जातात असं माझं म्हणणं नाही, उगाच घाबरवायचं नाहीये. घरून चिवडा-लाडूचा डबा येतो, रविवारी कुणाच्या तरी लग्नात पंगत मिळते, मध्येच एखाद्याचा वाढदिवस असतो. पण वर्ष-दोन वर्षं, काहींची तर चार-पाच वर्षं, अशा काठावरच्या खाण्यावर जातात आणि त्यातच त्यांचं विशीतलं शरीर घडायचं असतं. मुलींचं तर अजून वेगळं, मुळातच रक्त कमी आणि त्यात हे.

बरं, ध्येयाला मी नावं ठेवतेय का, तर अजिबात नाही, कारण त्याच प्रयोगाची दुसरी बाजू पण आहे आणि ती लपवली तर मी पण त्या कॉलमसारखीच एकांगी होईन. ३६ पैकी ३२ जण शेवटपर्यंत टिकले. दार उघडं होतं, शहरात हॉटेलं होती, बाहेर पडून खाल्लं असतं तर तुरुंगात कुणी टाकणार नव्हतं. काहींनी चोरून खाल्लं, म्हणून मग बाहेर जाताना जोडीने जायचा नियम केला, पण बहुतेकांनी शब्द पाळला. पुढे साठेक वर्षांनी हयात असलेल्यांपैकी १८ जणांच्या मुलाखती झाल्या, सगळे ऐंशीच्या घरातले म्हातारे, आणि ते म्हणाले परत वेळ आली तरी हेच करू. ध्येयाशिवाय हे होत नाही, मान्य. पण ध्येय असूनही भूक कमी झाली नाही हेही त्याच ३२ जणांनी सांगितलं, त्यांनी ती सहन केली एवढंच, आणि सहन करण्यात बाकीचं सगळं, म्हणजे मैत्री, हसणं, शिकणं, खर्ची पडलं. बरं पोटभर जेवण परत सुरू झालं म्हणून लगेच सगळं ठीक झालं असंही नाही, परत भरून यायला महिने गेले, काहींना तर तो परत खाण्याचा काळच जास्त अवघड वाटला.

लेखात व्हिक्टर फ्रँकल यांचा दाखला होता, तो नेहमीच असतो. ऑश्विट्झसारख्या छळछावण्यांतून जिवंत सुटलेले व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ, जगण्याला अर्थ हवा असं सांगणारे, मोठाच माणूस. पण त्यांनीच लिहून ठेवलंय की छावणीत कैद्यांना स्वप्नं कसली पडायची, तर पावाची, केकची, सिगरेटची आणि गरम पाण्याच्या अंघोळीची, आणि मोकळा क्षण मिळाला की गप्पा सुरू व्हायच्या त्या जेवणाच्या. हे कॉलमात कधी येत नाही! उलट बाजूने अब्राहम मॅस्लोचा तो त्रिकोण, खाली अन्न-पाणी आणि टोकावर स्वप्नपूर्ती, तो प्रत्येक मॅनेजमेंटच्या क्लासमध्ये दाखवतात, पण मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात त्रिकोण नाहीचे, आणि तत्त्वासाठी सगळं सोडणारी माणसं असतात, त्यांना ही उतरंड लागू पडत नाही, हे त्याने स्वतःच त्यात लिहिलंय. म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक ज्यांची नावं घेऊन भांडतात ते दोघं स्वतः इतके एकांगी नव्हते.

मग कुणी म्हणेल उपोषणाचं काय, आपल्या देशात तर उपाशी राहून इतिहास घडलाय. घडलाय की. जतींद्रनाथ दास लाहोरच्या तुरुंगात १९२९ साली ६३ दिवस उपाशी राहून गेले, वय जेमतेम पंचवीशीच्या आत. पण त्या उपोषणाच्या मागण्या काय होत्या बघा, राजकीय कैद्यांना माणसासारखं वागवा आणि धड जेवायला द्या ही त्यातलीच एक. साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला बसले ते दलितांना विठ्ठलाच्या देवळात जाता यावं म्हणून. या लोकांनी स्वतःची भूक दुसऱ्यांसाठी पणाला लावली, भूक चांगली असते असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आणि जो ठरवून जेवत नाही आणि ज्याला परवडत नाही म्हणून जेवत नाही, यांना एकाच तागडीत टाकणं मला तरी पटत नाही. आपली एकादशी तर सोडाच, त्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीवर जेवढ्या कॅलरी पोटात जातात तेवढ्या या पोरांच्या कधी कधी दिवसभरात जात नाहीत.

आणि आधी पोटोबा मग विठोबा म्हणणारे आपले वारकरी, त्यांना कुणी ध्येय शिकवायची गरज आहे का? आळंदी ते पंढरपूर चालत जातात, पण दिंडीत नाव घालताना आधी भिशी भरतात, म्हणजे जेवणाखाण्याचे पैसे, आणि दिंडीचा ट्रक पुढच्या मुक्कामाला आधी पोचलेला असतो, चुली पेटलेल्या असतात, पाण्याचा टँकर उभा असतो. गावोगाव लोक पिठलं-भाकरी घेऊन रस्त्यावर थांबतात. विठ्ठलाचं नाव घेतोय तर भूक लागणार नाही असं म्हणणारा दिंडीप्रमुख मी तरी पाहिला नाही.

खरं तर मला जे सांगायचंय ते इथं आहे. महाराष्ट्रात ज्यांना खरोखर मोठं ध्येय होतं त्यांनी पहिलं काम काय केलं बघा. शाहू महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला १९१७ साली, पण कोल्हापुरातलं पहिलं बोर्डिंग सुरू झालं १९०१ ला, सोळा वर्षं आधी! कारण त्यांना दिसत होतं की खेड्यातल्या पोराला शिकायची इच्छा आहे, शाळा पण आहे, पण कोल्हापुरात राहणार कुठं आणि खाणार काय. मग एकामागून एक वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं निघाली. भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एकत्र राहणार, एकत्र जेवणार, आणि तिथं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या भाकरीसाठी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्र पण गेलं. त्या बाईंना कुणी विचारलं असतं की ध्येय मोठं की भाकरी, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं? मला वाटतं त्यांनी उत्तर द्यायला वेळच काढला नसता, पीठ मळायचं पडलं असतं. सावित्रीबाईंचं ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं २० एप्रिल १८७७ चं पत्र आहे, ते वाचा, मुलींची शाळा काढणारी ही बाई त्यात दुष्काळाबद्दल लिहितेय, लोक गावं सोडून चाललेत, गुरं मरतायत. त्याच दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला मुलांच्या जेवणाची सोय केली. आज धनकवडी पुण्यातच आहे, माझ्या घरापासून बसने थोडक्यात जाता येतं.

यांच्यापैकी कुणीही पोरांना असं सांगितलं नाही की तुमचं ध्येय मोठं आहे ना मग भुकेकडे लक्ष देऊ नका. पोराचं ध्येय त्याच्याकडे, ते त्याचं तो बघेल, त्याच्या जेवणाचं आपण बघू, अशी ती वाटणी होती. हल्ली ती उलटी झालीये, जेवणाचं त्याचं तो बघेल आणि ध्येय मात्र आम्ही देऊ, तेही फी घेऊन.

"मग काय सगळं फुकट वाटायचं का, फुकटाने माणूस आळशी होतो," ही प्रतिक्रिया येणार मला माहितीये, आमच्या सोसायटीतच येते. फुकट कुणी मागितलंय? भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगातली पोरं शेतात राबत होती, कमवा आणि शिका ही योजना आजही कितीतरी कॉलेजांत चालते. ७२ च्या दुष्काळात लोक काम मागायलाच आले होते, मे १९७३ मध्ये एका वेळी पन्नास लाखाच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती, बायका डोक्यावर पदर घेऊन खडी फोडत होत्या आणि लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होत्या. त्यातूनच पुढे रोजगार हमी कायदा आला, आणि नोकरदारांच्या पगारातून प्रोफेशनल टॅक्स म्हणून जे दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात ना, तो कर मुळात या रोजगार हमीसाठी लावला गेला होता. आमच्या सोसायटीतल्या कितीतरी जणांनी तो जन्मभर भरला आणि कशासाठी ते त्यांना अजून माहीत नाही.

आता मागणं काय ते सांगते. एक तर तुम्ही टॉपरच्या मुलाखती छापता तेव्हा रोज किती तास अभ्यास, कोणती पुस्तकं, आदर्श कोण याच्या जोडीला काय खायचास, मेसचे पैसे कोण द्यायचं, कधी डबा बंद करावा लागला का, हेही विचारा. उत्तरं कदाचित शोभून दिसणार नाहीत पण मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडतील. दुसरं म्हणजे या भागात अभ्यासिकांवर नेत्यांचे फोटो लावलेले बोर्ड भरपूर आहेत, वाढदिवसाला वह्या-पुस्तकं आणि गाईड वाटतात, त्याऐवजी एक संध्याकाळचं स्वस्त जेवण का सुरू करत नाहीत? शिवभोजन थाळी २०२० च्या २६ जानेवारीला सुरू झाली तेव्हा दहा रुपयात दोन चपात्या, भाजी, भात, वरण असं ताट होतं, वेळ दुपारची, जागा हॉस्पिटल, एसटी स्टँड, मार्केट अशा गर्दीच्या. अभ्यासिकांची गल्ली ही पण गर्दीचीच जागा आहे की, फक्त इथली गर्दी आवाज करत नाही, वाचत बसलेली असते.

आणि कुणी विद्यार्थी हे वाचत असेल तर बाळा, मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा खिशात ठेव, मोड आलेले मूग-मटकी रूमवर बिनागॅसचे होतात, खात असशील तर रोज दोन अंडी, केळं, आणि चहा दोन कपांवर आण. महिन्यातून एकदा मेडिकलच्या दुकानातल्या काट्यावर वजन कर आणि लिहून ठेव. वजन सलग उतरत असेल तर टेस्ट सिरीज एक कमी कर पण डबा फुल कर. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तारीख कितीदा पुढे जाते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, ऑगस्ट २०२४ मध्ये तर तारखेवरूनच शास्त्री रोडवर तुम्ही आंदोलनाला बसला होतात.

पत्र लांबलंय, तुमच्याकडे जागा नसणार. कापायचं झालं तर वारीचं कापा, सोसायटीचं कापा, मिनेसोटाचा भाग मात्र ठेवा.

आपली,
एक निवृत्त आहारशास्त्र शिक्षिका,
नवी पेठ, पुणे